डिझेल पिकअप गाडीची मोकळी चाल वाढविणारे नियंत्रक
उपयोग, बसविण्याची रीत आणि घ्यावयाची खबरदारी

भाजीपाला बाजारात नेणे, दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणे, खते व बियाणे शेतावर आणणे ही कामे आज पुष्कळ ठिकाणी डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाड्या करीत आहेत. ही गाडी जितका वेळ धावते, त्या मानाने उभी राहूनही इंजिन चालू राहण्याचा तिचा वेळ थोडा नसतो. माल भरताना, वजनकाट्यावरील रांगेत, रात्री शेतावर गाडीच्या बॅटरीवर दिवे लावताना, किंवा मागील हौदा हायड्रॉलिक जॅकने उचलताना इंजिन मंद गतीने चालू ठेवले जाते. अशा मंद चालीने डिझेल इंजिनाचे नुकसान कसे होते, व ती चाल आवश्यक तेवढीच वाढविणारे नियंत्रक केव्हा व कसे बसवावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

मोकळी चाल म्हणजे काय

गाडी उभी असून इंजिनावर कोणताही भार नसताना ते ज्या कमीत कमी गतीने न थांबता चालते, त्या गतीला इंजिनाची मोकळी चाल म्हणावे. मेस्त्री लोक तिला ‘स्लो’ किंवा ‘आयडलिंग’ म्हणतात. पिकअप गाड्यांच्या इंजिनांत ती साधारणतः मिनिटास ७०० ते ८५० फेरे इतकी असते.

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये आलेली हवा दट्ट्या इतकी दाबतो की तिचे उष्णतामान सुमारे ५०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक होते, आणि त्या तप्त हवेत नॉझलमधून उडालेले इंधन आपोआप पेट घेते. इंजिनाची गती हवेवर नव्हे, तर इंधनाच्या मात्रेवर ठरते. म्हणून मोकळ्या चालीत सिलिंडरमध्ये हवा जवळजवळ पुरी येते, इंधन मात्र अगदी थोडे येते. त्या थोड्या इंधनाची उष्णता पुष्कळ हवेत वाटली जाते. त्यामुळे मंद चालीवर उभे असलेले डिझेल इंजिन लवकर तापत नाही, आणि तापलेले असले तरी हळूहळू निवत जाते.

दीर्घकाळ मंद चालीचे दोष

१. थंड सिलिंडरमध्ये सर्व इंधन जळत नाही. न जळलेला अंश नॉझलच्या तोंडावर, व्हॉल्व्हवर व रिंगांच्या खाचांत काजळी होऊन बसतो.

२. काही इंधन रिंगांच्या बाजूने खाली उतरून इंजिनाच्या तेलात मिसळते व तेल पातळ होते. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी आपोआप वाढलेली दिसल्यास तेल खर्च झाले नाही म्हणून समाधान मानू नये. तेलात डिझेल उतरत असल्याची ती खूण असू शकते.

३. तेलाचा पंप इंजिनाच्या गतीने फिरतो. गती मंद असली की तेलाचा दाब कमी राहतो. जुन्या, झिजलेल्या व तापलेल्या इंजिनात हा दोष अधिक जाणवतो.

४. अल्टरनेटर पट्ट्याने फिरतो. पुल्ली इंजिनाच्या अडीच पट वेगाने फिरत असेल, तर ८०० फेऱ्यांवर अल्टरनेटरला २,००० फेरे मिळतात. या गतीला तो पुरी वीज देऊ शकत नाही. दिवे व इतर उपकरणे त्याहून अधिक वीज ओढू लागली, की इंजिन चालू असूनही बॅटरी उतरत जाते. तेच इंजिन १,२०० फेऱ्यांवर चालविल्यास अल्टरनेटरला ३,००० फेरे मिळतात व विजेचा पुरवठा पुष्कळ वाढतो.

५. १ एप्रिल २०२० पासून देशात लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारी गाळणी असते. दीर्घकाळ मंद चालीने ती लवकर भरते.

नियंत्रक कोठून आले

उत्तर अमेरिकेतील गवताळ व गव्हाच्या प्रदेशांत हिवाळ्यात उष्णतामान शून्याच्या खाली ३० अंशांपर्यंतही उतरते. तेथील शेतकरी व पशुपालक मोठ्या डिझेल पिकअप गाड्या वापरतात. डॉज पिकअपमध्ये १९८९ च्या नमुन्यापासून कमिन्स कंपनीचे ५.९ लीटरचे सहा सिलिंडरी इंजिन येऊ लागले. (याच कमिन्स कंपनीच्या सहकार्याने १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स हा उद्योग स्थापन झाला.) एवढे मोठे इंजिन कडक थंडीत मंद चालीवर तापेना, म्हणून पुष्कळ मालकांनी इंधन पंपाच्या तरफेला हाताने ओढण्याची केबल जोडली. गवताच्या गाठी उचलणाऱ्या हायड्रॉलिक हौद्यांसाठीही हीच सोय उपयोगी पडली. पुढे इंधनाचे नियंत्रण विद्युत्‌यंत्रणेकडे गेले, तेव्हा केबलची जागा बटणाने घेतली. फोर्ड कंपनीच्या मोठ्या डिझेल पिकअपांत तर या कामासाठी कारखान्यातूनच तारा सोडलेल्या असतात.

आपल्याकडील ट्रॅक्टरवर हाताने चालविण्याचा थ्रॉटल असतोच. पिकअप गाडीचे नियंत्रक हे त्याचेच भावंड होय.

आपणास त्याची गरज आहे काय

नियंत्रक विकत घेण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा. महाराष्ट्रात अमेरिकेसारखी थंडी नाही. निफाडसारख्या थंड भागातही सकाळी इंजिन सुरू करून अर्धा ते एक मिनिट थांबावे व नंतर पहिले काही किलोमीटर गाडी हळू चालवावी. इंजिन तापविण्याचा तोच उत्तम मार्ग आहे. केवळ तापविण्यासाठी आपल्याकडे नियंत्रकाची आवश्यकता नाही.

माल भरण्यास किंवा रांगेत थांबण्यास काही मिनिटांहून अधिक वेळ लागणार असेल, तर इंजिन बंद करावे. तेथेही नियंत्रकाचे काम नाही.

उभ्या गाडीच्या इंजिनाकडून काही काम करून घ्यावयाचे असेल, तेव्हाच नियंत्रकाचा खरा उपयोग होतो. समजा, हौदा उचलणारा हायड्रॉलिक पंप इंजिनाच्याच गतीने फिरतो व प्रत्येक फेऱ्यास १६ घनसेंटिमीटर तेल देतो. ८०० फेऱ्यांवर मिनिटास १२.८ लीटर, तर १,२०० फेऱ्यांवर १९.२ लीटर तेल मिळेल. जॅक भरण्यास ६ लीटर तेल लागत असल्यास पहिल्या गतीस सुमारे २८ सेकंद, तर दुसऱ्या गतीस १९ सेकंद लागतील. शिवाय भार येताच इंजिन गुदमरून बंद पडण्याची भीती कमी होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. चाल वाढविल्याने वर सांगितलेले काजळीचे दोष कमी होतात, नाहीसे होत नाहीत. डिझेल इंजिनाचे खरे पथ्य म्हणजे त्यास पुरेसा भार देऊन चालविणे.

नियंत्रकाचे प्रकार

*केबलचे नियंत्रक.* ज्या जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंधन पंपापर्यंत केबल किंवा दांडी जाते, त्यांना हे चालते. चालकासमोरील पट्टीवर एक मूठ बसवितात. मूठ ओढून फिरविली की त्या जागी अडकते आणि पंपाची तरफ तेवढीच पुढे धरून ठेवते.

*विद्युत् नियंत्रक.* नव्या गाड्यांत पॅडलला केबल नसते. पॅडलखालील संवेदक विजेचे संकेत इंजिनाच्या नियंत्रण पेटीकडे पाठवितो. अशा गाडीत चाल वाढविण्याची सोय पेटीतच असल्यास कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेकडून ती सुरू करून घेणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. बाहेरून जोडावयाचे उपकरण संवेदकाच्या तारांत बसते. पॅडलमध्ये बहुधा दोन संकेत एकमेकांशी ताडून पाहिले जातात. त्यांत मेळ न राहिल्यास पेटी दोष मानून इंजिनाची शक्ती कमी करते. म्हणून अंदाजाने तार कापून जोडण्याचा प्रयोग कधीही करू नये.

चांगल्या विद्युत् नियंत्रकात पुढील अटी पूर्ण झाल्याशिवाय चाल वाढत नाही : गाडी पूर्ण थांबलेली असणे, गिअर न्यूट्रलमध्ये असणे व हातब्रेक ओढलेला असणे. पायाचा ब्रेक दाबताच चाल पूर्ववत होते. या अटी न पाळणारे उपकरण स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

केबलचे नियंत्रक बसविण्याची रीत

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावी. इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडावी.

२. आधी एअर फिल्टर स्वच्छ आहे व मूळ मोकळी चाल बरोबर आहे, याची खात्री करावी. मूळ चालीतील दोष नियंत्रकाने झाकू नये.

३. इंजिन व चालकाची खोली यांमधील पत्र्यातून केबल नेताना भोकात रबरी कडे बसवावे. केबल एक्झॉस्ट व टर्बोपासून दूर ठेवावी व तिला तीव्र वळण देऊ नये.

४. केबलचे टोक पंपाच्या तरफेस असे जोडावे की केबल तरफेस फक्त गती वाढण्याच्या दिशेने ओढील. मूठ आत असताना केबलमध्ये थोडी ढिलाई राहील. आणि मूठ कोठेही असली तरी पॅडलने गती आणखी वाढविता येईल. तरफ परत आणणारी मूळ स्प्रिंग काढू नये.

५. इंजिन बंद असतानाच मूठ आत ठेवून पॅडल दहा वेळा दाबून सोडावे. प्रत्येक वेळी तरफ मूळ जागी येऊन टेकली पाहिजे. एकदाही अडकल्यास जोडणी पुन्हा करावी.

६. इंजिन सुरू करून तापू द्यावे. गती दाखविणाऱ्या मापकाकडे पाहून १,००० व १,२०० फेऱ्यांच्या जागी मुठीवर खुणा कराव्यात. शेवटी इंजिन बंद करण्याची मूळ व्यवस्था नीट चालते, हे पाहावे.

काही ठिकाणी नियंत्रक न बसविता पंपावरील मोकळ्या चालीचा स्क्रूच फिरवून गती वाढविली जाते. ही पद्धत चुकीची आहे. त्याने चाल कायमची वाढते, गिअर पडताना करकरतात, उतारावर इंजिनाचा रोध कमी मिळतो आणि प्रत्येक थांब्यावर डिझेल अधिक जळते. कमाल गतीच्या मोहोरबंद स्क्रूस तर मुळीच हात लावू नये.

किती फेरे ठेवावेत

बॅटरी भरण्यासाठी व दिव्यांसाठी १,००० ते १,२०० फेरे पुरेत. हायड्रॉलिक पंपासाठी पंपाच्या उत्पादकाने सांगितलेली गती ठेवावी. उभ्या गाडीत भाराशिवाय याहून अधिक गती ठेवण्यात लाभ नाही.

वाढलेल्या चालीचा खर्च प्रत्येकाने स्वतः मोजावा. टाकी काठोकाठ भरून उभी गाडी मूळ चालीवर एक तास चालवावी, आणि टाकी पुन्हा भरण्यास मापाने किती डिझेल लागते ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग १,२०० फेऱ्यांवर करावा. दोहोंतील फरक पाहिल्यावर नियंत्रक केव्हा वापरावयाचे, याचा निर्णय करणे सोपे जाईल.

खबरदारी

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. बंद गोठ्यात, गोदामात किंवा छपरात इंजिन चालू ठेवून कोणीही थांबू अथवा झोपू नये.

चाल वाढविण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये घालावा, हातब्रेक ओढावा व चाकांना अडण लावावी. वाढलेल्या चालीत चुकून गिअर पडला तर गाडी पुढे झेपावते व समोरच्या माणसास वाचण्यास अवधी मिळत नाही. गाडीत मुलांना एकटे ठेवू नये. गाडी हलविण्यापूर्वी मूठ आत ढकलण्याची सवय लावून घ्यावी.

उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा काड यांवर गाडी उभी करून इंजिन चालवू नये. खालच्या तप्त एक्झॉस्टने ते पेटू शकते. काजळीची गाळणी असलेल्या गाड्यांत ती स्वच्छ होत असताना हा धोका अधिक असतो.

पंखा, पट्टा व फिरता दांडा यांजवळ उपरणे, पदर किंवा सैल बाह्या जाऊ देऊ नयेत.

गाडी हमीच्या मुदतीत असल्यास आधी कंपनीची लेखी संमती घ्यावी. उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत परवानगीवाचून बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वये मनाई आहे. म्हणून परिवहन कार्यालयातही चौकशी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नियंत्रकाचा सल्ला देण्यापूर्वी गाडीमालकास तीन गोष्टी विचाराव्यात : उभ्या गाडीकडून कोणते काम घ्यावयाचे आहे, दिवसातून किती वेळ, आणि तोवर इंजिन बंद ठेवता येईल काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास नियंत्रकावरील खर्च वाचविण्यास सांगावे. नकारार्थी आल्यास वर दिलेल्या रीतीने, जाणत्या मेस्त्रीच्या हातून ते बसवून घ्यावे, आणि त्यानंतर दर आठवड्यास तेलाची पातळी व केबलची हालचाल तपासण्यास सांगावे.