पाण्याच्या वाटा (लेखांक 7) : किनाऱ्यामागची नाववाट

पावसाळ्यात मांजरसुंब्याचा घाट उतरताना रस्त्याच्या कडेनं पाणीही एसटीबरोबर पालीकडं धावत असतं. ते बिंदुसरेचं पाणी. बीड ओलांडून सिंदफणेत, तिथून गोदावरीत. पठारावरून दक्षिणेला उतरणारं पाणी मांजरा घेऊन जाते. लांबचा वळसा घालून तीही शेवटी गोदावरीलाच मिळते. आपल्या पाण्याची वाट अशी पूर्वेकडची. आणि एकेकाळी तिच्या टोकापासून माणूस समुद्राला न शिवता नावेनं मद्रासच्याही पुढं जाऊ शकत होता.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटननं 1852 मध्ये गोदावरीवरचा बंधारा पुरा केला. त्याच्या कालव्यांनी शेती भिजायची आणि नावाही चालायच्या. एलुरू कालव्यानं विजयवाड्याला कृष्णेवर यायचं, कोम्मामूर कालव्यानं पेद्दगंजामला. तिथून पुढं बकिंगहॅम कालवा, किनाऱ्याला समांतर सुमारे 420 किलोमीटर, मद्रास शहराच्या पोटातून थेट मरक्काणमपर्यंत.

शेजारी अख्खा समुद्र असताना कालवा कशाला? कोकणात खाड्या आत शिरतात, गलबताला आडोसा मिळतो. कोरोमंडल किनाऱ्यावर तसं नाही. लाटा उथळ वाळूवर फुटतात आणि चक्रीवादळाचा नेम नसतो. पण वाळूच्या पट्ट्यामागं पुलिकतसारखं खारं सरोवर आहे, नद्यांची मुखं आहेत. ती एकमेकांना जोडली की झाली वाट. बेसिल कॉक्रेन या व्यापाऱ्यानं 1806 मध्ये मद्रासच्या उत्तरेला तेच केलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी मंडळी थंडी पडू लागली की आपापल्या होड्या घेऊन ज्या आतल्या जलमार्गानं दक्षिणेला सरकतात, तिथंही हीच युक्ती आहे. त्या मार्गावरचा डिस्मल स्वॅम्प कालवा 1805 चा, म्हणजे कॉक्रेनच्या कालव्याहून एकाच वर्षानं थोरला.

वरचे कालवे गोड्या पाण्याचे, बकिंगहॅम मात्र खारा, भरती-ओहोटीवर जगणारा. वाटेत नदी आडवी आली की लॉक असायचं : दोन दारं आणि मध्ये पाण्याचा हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदातलं पाणी पुढच्या पातळीला आलं की पुढचं दार उघडायचं. नावांना इंजिन कुठलं? शीड, बांबू, नाहीतर काठावरून दोर ओढत चालणारी माणसं. मीठ, भात, सरपण असं मद्रासला पोचायचं.

मद्रास शहरात कूम आणि अड्यार या नद्यांना जोडणारा आठेक किलोमीटरचा तुकडा खोदला गेला तो 1876-78 च्या दुष्काळात. ज्यांच्या घरात 1972 साली खडी फोडलेली माणसं आहेत, त्यांना दुष्काळी काम म्हणजे काय हे सांगायला नको. आपल्याकडं त्यातून पाझर तलाव उरले, मद्रासला कालवा उरला. नाव मात्र तेव्हाच्या गव्हर्नरचं, ड्यूक ऑफ बकिंगहॅमचं.

1965-66 च्या वादळांनी कालवा मोडला. रस्ते आणि रेल्वेनं माल आधीच पळवला होता. आज चेन्नईत त्याच्या पात्रातच उन्नत रेल्वेचे खांब उभे आहेत आणि खालून सांडपाणी वाहतं.

तरी सरकारनं आशा सोडलेली नाही. 2008 मध्ये काकिनाडा ते पुदुच्चेरीचे कालवे आणि गोदावरी-कृष्णेचे काही पट्टे मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 4 जाहीर झाला. 2016 च्या कायद्यानं गोदावरीवरची त्याची हद्द भद्राचलमपासून पार नाशिकपर्यंत ओढली. म्हणजे गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन आज कायद्यानं राष्ट्रीय जलमार्गावर आहे! मला हा कायदा नकाशावर रेघ ओढून केलेला वाटतो. जलमार्गाला बारमाही खोली लागते. आपल्या गोदावरीला उन्हाळ्यात ती नाही. आणि पैठणला जायकवाडीच्या भिंतीत नाव वर चढवायला लॉकच नाही.