उतरवून घेतलेलं गाणं

१९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी पृथ्वीवरचं संगीत निवडणं चाललं होतं. जगभरच्या संगीतपरंपरांचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी भारताकडून केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली : 'जात कहाँ हो'. अडचण एकच होती. ती रेकॉर्ड बाजारात मिळत नव्हती. शोधता शोधता निवड समितीतल्या अ‍ॅन ड्रुयान न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात पोहोचल्या. तिथे टेबलाखालच्या धुळकट खोक्यात त्या रेकॉर्डच्या न उघडलेल्या तीन प्रती निघाल्या. व्हॉयेजर-१ चं उड्डाण ५ सप्टेंबरला झालं, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. फोंडा तालुक्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत घडलेल्या आणि ध्वनिमुद्रणाबद्दल फारशी आस्था न बाळगणाऱ्या या गायिकेची साडेतीन मिनिटं त्या खोक्यामुळे आंतरतारकीय अवकाशात गेली.

मास्टर टेप हाताशी नसते आणि कंपनीने रेकॉर्ड छापणं बंद केलेलं असतं, तेव्हा कोणाच्या तरी घरी जपलेली प्रत हीच मूळ ठरते. या प्रतीवरून गाणं नीट उतरवून घेऊन ते सीडीवर पुन्हा आणणं हा गेल्या चाळीस वर्षांत एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. तो करणारी माणसं थोडी आहेत आणि रसिकाला त्यांची नावं सहसा ठाऊक नसतात. अमेरिकेतले वॉर्ड मार्स्टन हे त्यांतले अग्रणी. ते दृष्टिहीन आहेत. बेल लॅबोरेटरीजने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला संगीतसंचालक स्टोकोव्हस्की यांच्या वाद्यवृंदावर केलेले स्टिरिओचे प्रयोग त्यांनी १९७९ मध्ये ऐकण्याजोगे करून दिले, आणि १९९७ पासून ते स्वतःच्या नावाच्या कंपनीतून जुन्या गायकांच्या सीडी काढत आले आहेत.

टेप जातात कुठे? कधी त्यांच्यावर दुसरं काही मुद्रित होतं, कधी कंपनी विकली जाते आणि गोदामाचा हिशेब लागत नाही. हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात १ जून २००८ रोजी लागलेल्या आगीत तर कित्येक मूळ टेप एकदमच गेल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा लेप दमटपणाने चिकट होतो. त्या मंद आचेवर तासन् तास शेकल्याशिवाय वाजवताच येत नाहीत. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या बहुतेक काळात तर टेपच नव्हती. मुद्रण थेट मेणावर व्हायचं, त्यावरून धातूचे साचे बनायचे, आणि साचे मोडीत निघाले की उरायची ती लोकांनी विकत घेतलेली तबकडी.

काम सुरू होतं धुण्यापासून. एलपी प्लास्टिकची असते, तिला पाण्यात थोडं अल्कोहोल चालतं. ७८ ची रेकॉर्ड लाखेची. ही लाख बहुतांशी आपल्याच देशातली, छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातली. अल्कोहोल लागलं की लाख विरघळते आणि त्याबरोबर गाणंही. म्हणून तिथे फक्त शुद्ध पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि ओलावा ओढून घेणारं यंत्र. धुतलेली रेकॉर्ड वाजवली की खरखर बरीच उतरते. पुढे संगणकावर करायची निम्मी मेहनत इथेच वाचते, असं माझं मत आहे.

मग पिन. ७८ च्या चरीसाठी साधारण तीन हजारांश इंच जाडीची, मोनो एलपीसाठी एक हजारांश इंचाची, आणि स्टिरिओसाठी त्याहून बारीक. पण खरी कला आकाराच्या निवडीत आहे. पन्नास-साठ वर्षं लोखंडी पिनेने घासलेली चर सगळीकडे सारखी झिजलेली नसते. जुनी पिन जिथे टेकत होती त्याच्या जरा वर किंवा जरा खाली भिंत शाबूत असते. म्हणून जाणकार माणूस पिनांचा संचच बाळगतो. एकच रेकॉर्ड चार-पाच पिनांनी वाजवून बघतो आणि ज्या पिनेला गायकाचा आवाज मोकळा येतो ती ठेवतो. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली तर चरीच्या दोन्ही भिंती वेगळ्या ऐकता येतात. कुठल्या भिंतीवर ओरखडे कमी आहेत ते पाहून तीच निवडता येते.

वेगाचा प्रश्न आपल्या संगीताला सर्वांत जास्त भोवतो. 'अठ्ठ्याहत्तर' हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या रेकॉर्ड साधारण ७० ते ८० च्या दरम्यान कुठल्याही वेगाने कापल्या जात. ७४ फेऱ्यांवर कापलेली रेकॉर्ड ७८ वर लावली तर सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो. काळी दोनमध्ये गाणारा माणूस पांढरी तीनमध्ये गातो आहे असं वाटतं, तान वेगवान होते, आवाज पातळ होतो. मग त्या पातळ आवाजावरून आपण त्या काळच्या गायकीबद्दल मतं बनवतो. नाट्यपदांमध्ये ऑर्गनचा सूर थोडा आधार देतो. पण त्या काळच्या सगळ्या पेट्या एका सुरात लावलेल्या नसत, त्यामुळे तो पुरावा पुरेसा होत नाही. एकाच बैठकीतल्या इतर रेकॉर्ड, गायकाची ठाऊक असलेली पट्टी, आणि शेवटी कान, एवढ्यावर निर्णय घ्यावा लागतो.

एलपीत वेग ठरलेला असला तरी भोक मधोमध नसलं की नवाच त्रास होतो. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. भोक किंचित सरकलेलं असेल तर दर १.८ सेकंदांनी सूर हलतो. सिनेमाच्या गाण्यात ते खपून जातं. आलापातल्या लांब षड्जावर मात्र चटकन कळतं. उपाय साधा आहे : भोक थोडं मोठं करायचं आणि तबकडी हाताने सरकवत चर मधोमध आणायची. हे करायला वेळ जातो, म्हणून घाईच्या कामात ते गाळलं जातं.

एलपीच्या शेवटच्या पाच मिनिटांविषयी जरा थांबून सांगायला हवं. बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर जाते, आणि आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच संगीताला जागा निम्म्याहून कमी, म्हणून आत जाता जाता आवाज फाटायला लागतो. आपली रागाची मांडणी नेमकी उलट चालते. सुरुवातीला संथ आलाप, मोकळी जागा, कमी आवाज. शेवटी द्रुत, तराणा, झाला, तबल्याचा कल्लोळ. म्हणजे जिथे चर सर्वांत दरिद्री तिथेच गाणं सर्वांत श्रीमंत. भारतीय एलपीवरून केलेली सीडी कशी आहे हे ठरवायचं असेल तर सुरुवात ऐकू नका, बाजू संपतानाचा झाला ऐका. तिथे सतारीचा टणत्कार टणत्कारच राहिला असेल, तर करणाऱ्याने बारीक, लांबट टोकाची पिन आणि कमी वाजवलेली प्रत शोधण्याचे कष्ट घेतलेले आहेत.

यानंतर संगणक. गाणं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवून घेतात; सीडीसाठी ते शेवटी १६ बिट, ४४.१ वर आणतात. टिकटिक काढणारी यंत्रं ब्रिटनच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहातल्या संशोधनातून निघाली. १९८८ मध्ये केंब्रिजला 'सीडार' कंपनी झाली आणि मग हे तंत्र पसरलं. ओरखड्याचा आवाज हजारांश सेकंदाचा. यंत्र तो ओळखतं, काढतं आणि आजूबाजूच्या ध्वनीवरून मोकळी जागा भरतं. अडचण अशी की तबल्याच्या चाटेवरचा 'ना' आणि सतारीवर नखीचा आघात हेही तसेच क्षणिक आणि टोकदार असतात. यंत्राला मोकळं सोडलं तर ते त्यांनाही ओरखडा समजतं. टिकटिक जाते, आणि तबलजीच्या बोटांची धारही जाते.

खरखर काढताना धोका मोठा आहे. यंत्राला आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. तो गाणं सुरू होण्यापूर्वीच्या कोऱ्या चरीतून घेतात. आपल्याकडे मात्र गाण्याआधी तंबोरा सुरू असतो. नमुन्यात तंबोरा शिरला की यंत्र त्यालाच खरखर ठरवतं आणि सबंध सीडीभर पुसत जातं. अशा काही सीडी बाजारात आलेल्या आहेत. गायक पोकळीत उभा राहून गातो आहे असं वाटतं, जवारीचा मागमूस नाही. मला ही पोकळी खरखरीपेक्षा कितीतरी वाईट वाटते. कान दोन मिनिटांत खरखरीला सरावतो. पुसलेला तंबोरा परत येत नाही.

याबाबत जाणत्यांमध्येही दोन टोकं आहेत. इंग्लंडच्या 'पर्ल' लेबलने खरखर जवळजवळ तशीच ठेवली आणि त्यासाठी टीका झेलली. 'नॅक्सॉस'च्या ऐतिहासिक मालिकेसाठी काम केलेले मार्क ओबर्ट-थॉर्न स्वतःला मधल्या वाटेचे म्हणवतात : हस्तक्षेप करायचा, पण बेताने. माझा कौल पर्लच्या बाजूला झुकतो, निदान आपल्या संगीतापुरता.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. ही मुदत उलटलेली जुनी मुद्रणं त्यामुळे मोकळी झाली आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा. तो कवीच्या वा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणून पारंपरिक बंदिशीची जुनी रेकॉर्ड काढणं सोपं आणि भावगीताची अवघड. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने २००५ मध्ये हक्काच्या वादात कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या बाजूने आणि नॅक्सॉसच्या विरोधात निकाल दिला, तोही १९३० च्या दशकातल्या मेनुहिन, कझाल्स या वादकांच्या मुद्रणांवरून. कंपनी स्वतः छापत नाही आणि दुसऱ्याला छापू देत नाही, अशा अवस्थेत कितीतरी चांगलं संगीत पडून आहे.

ते ज्यांनी जिवंत ठेवलं ते संग्राहक. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचं मानद सचिवपद सांभाळलं, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक निघालं, याद्या झाल्या, ऐकण्याच्या बैठका झाल्या. चोर बाजारातून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेल्या रेकॉर्ड या मंडळींनी धुतल्या, नोंदल्या, एकमेकांना ऐकवल्या. एका घरी पहिली बाजू चांगली, दुसऱ्या घरी दुसरी. दोन्ही जोडून एक पूर्ण गाणं उभं राहिलं, असं या कामात नेहमी होतं.

सीडी काढणाऱ्या कंपन्यांकडे एक साधी मागणी आहे. गाणं रेकॉर्डवरून घेतलं असेल तर वेष्टनावर तसं छापा. रेकॉर्डचा क्रमांक द्या, कोणाच्या संग्रहातली ते सांगा, उतरवून घेणाऱ्याचं नाव द्या. यात कमीपणा काहीच नाही, आणि ऐकणाऱ्याला आपण काय ऐकतो आहोत ते कळतं.

आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड आहेत त्यांना विनंती. त्या भंगारात देऊ नका, आणि जुन्या पिनेने वाजवूनही बघू नका. आडव्या रचल्या असतील तर उभ्या ठेवा. अल्कोहोल किंवा स्पिरिटने पुसू नका. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलशेजारच्या कोऱ्या पट्टीत कोरलेली अक्षरं कागदावर उतरवून जवळच्या एखाद्या संग्राहकाला कळवा. तुमच्याकडची प्रत कदाचित शेवटची असेल.