ठेकेदार सीमा ओलांडतो, नोंदवही मागेच राहते

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ सुरू झाला, तो २०२३ च्या जानेवारीत. उत्तर गोव्यातील जमिनींकडे आणि घरांकडे बाहेरच्यांचे लक्ष त्याआधीच वळलेले होते. विमानतळाने ते अधिक वेधून घेतले. जेथे घरे बांधली जातात तेथे घरे बांधणारेही जातात, हा व्यवहाराचा जुनाच नियम आहे. कोल्हापूर किंवा सावंतवाडी येथे दहा-पंधरा वर्षे लोकांची घरे बांधून देणाऱ्या एखाद्या लहान ठेकेदाराने आपले बिऱ्हाड आणि धंदा गोव्यात हलवावा, यात म्हणूनच आश्चर्य नाही आणि गैर तर मुळीच नाही. देशात कोठेही राहण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला दिले आहे. तेव्हा ठेकेदाराने जावे की नाही, हा प्रश्न नव्हे. त्याच्याबरोबर काय जाते आणि मागे काय राहते, हा खरा प्रश्न आहे.

अशा ठेकेदाराचे भांडवल म्हणजे काय? एखादा मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू, एक टेम्पो. एवढे तर कोणालाही दिसते. परंतु त्याचे खरे भांडवल या सामानात नसते. सिमेंट आणि सळई विकणारा दुकानदार त्याला महिन्याच्या उधारीवर माल देतो. मुकादम त्याच्या शब्दावर उचल घेऊन माणसे आणतो. शेजाऱ्याच्या घराचा गिलावा पाहून एखादा शिक्षक त्याच्या हाती पहिला हप्ता ठेवतो. या सगळ्याला एकच शब्द आहे : पत. ती टेम्पोत भरून घाट उतरत नाही. नव्या मुलखात ती पहिल्या घरापासून पुन्हा मिळवावी लागते.

ज्ञानाचेही थोडेफार तसेच आहे. देशावर वीट आणि काळा दगड यांत हात बसलेल्या गवंड्याला गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. चार महिने कोसळणाऱ्या पावसात स्लॅब कसा टिकवावा आणि उतरते छप्पर का घालावे, हे तेथील जुन्या घरांकडूनच शिकावे लागते. कागदपत्रेही वेगळी. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. गोव्यात २०१० ची स्वतंत्र नियमावली आणि १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा पाहावा लागतो. येथे सातबारा, तेथे एक व चौदा क्रमांकाचा उतारा. शिवाय गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा अद्याप लागू असल्याने, वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते. घराच्या करारावर एकट्या यजमानाची सही घेऊन निश्चिंत राहणाऱ्या ठेकेदाराला ही गोष्ट आधी समजलेली बरी.

कराची वाट मोकळी

या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या कष्टाने दूर होतात. सरकारदरबारी तर धंद्याच्या स्थलांतराची वाट बऱ्यापैकी आखलेली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. या कराची नोंदणी राज्यवार असते आणि नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य दाखवितात. महाराष्ट्राचे आकडे २७, गोव्याचे ३०. त्यामुळे नुसता पत्ता बदलून भागत नाही. गोव्यात नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रातील काम पुरते बंद केले असेल तर जुनी नोंदणी रद्द करून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र द्यावे लागते. हे किचकट आहे खरे, पण त्याला ठरलेला अर्ज आहे, ठरलेली मुदत आहे आणि कोणत्याही कर सल्लागाराला ते पाठ आहे.

टेम्पोचेही तसेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे राज्याची सीमा ओलांडणाऱ्या कराची आणि राज्याची सीमा ओलांडणाऱ्या टेम्पोची, दोहोंचीही कायद्याने नीट विचारपूस केली आहे.

मागे राहिलेले घर

ठेकेदार जातो तेव्हा त्याने बांधलेली घरे मागे राहतात. त्यांपैकी एखाद्या घराच्या स्लॅबमधून दुसऱ्या पावसाळ्यात पाणी झिरपू लागते. घरमालक असतो एखादा कारकून, ज्याने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून आणि बँकेचे कर्ज घेऊन आयुष्यातील एकुलते एक घर बांधलेले असते. तो दूरध्वनी करतो. पलीकडून ‘पुढच्या महिन्यात येतो’ असे उत्तर येते आणि पुढचा महिना काही येत नाही.

या माणसाला वाटते तितका तो निराधार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीचा समावेश सेवेच्या व्याख्येत आहे आणि ग्राहक जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ती ऐकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ठेकेदार पणजीला गेला म्हणून कोल्हापूरच्या माणसाने पणजीला खेटे घालण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी हाती लेखी करार आणि पैसे दिल्याच्या पावत्या हव्यात. घर बांधताना शेवटच्या हप्त्यातील काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट ज्याने लिहून घेतली, तो अधिक शहाणा. ज्याला नव्या गावी पत मिळवायची आहे त्या ठेकेदाराने जुन्या गावची गळती आधी थांबवावी, हेच त्याच्याही हिताचे आहे. कारण आजच्या काळात अपकीर्तीला ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही.

बरोबर गेलेला माणूस

परंतु सर्वांत मोठा प्रश्न मागे राहिलेल्या घराचा नाही. तो आहे ठेकेदाराबरोबर गेलेल्या गवंड्याचा आणि बिगाऱ्याचा. हा माणूस बहुधा मुळात महाराष्ट्राचाही नसतो. विजयपूर, कलबुर्गी किंवा त्याहून दूरच्या बिहार-झारखंडमधून तो आधी कोल्हापूरला आलेला असतो आणि ठेकेदार हलला की तो तिसऱ्या राज्यात जाऊन पडतो. त्याचे काय काय त्याच्याबरोबर जाते, हे पाहण्यासारखे आहे.

त्याचे भविष्य निर्वाह निधीचे खाते असेल, तर ते जाते. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला मिळू लागलेला कायम क्रमांक राज्य बदलले तरी बदलत नाही. त्याचे रेशनही जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र व गुजरात या जोडीत आणि आंध्र व तेलंगण या जोडीत एकाचे शिधापत्रक दुसऱ्यात चालू लागले आणि २०२२ च्या जूनपर्यंत ही सोय सर्व राज्यांत पोहोचली. जी गोष्ट तांदूळ-गव्हाच्या बाबतीत तीन वर्षांत साधली, ती अशक्य नव्हती, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

पण बांधकाम कामगार म्हणून त्याची जी खास नोंद असते, ती मात्र राज्याच्या वेशीवर थांबते. १९९६ साली संसदेने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला. तो पैसा राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा व्हावा आणि त्यातून कामगाराच्या मुलांचे शिक्षण, आजारपण, अपघात, बाळंतपण, वार्धक्य यांना हातभार लागावा, अशी योजना. लाभ मिळविण्यासाठी कामगाराचे वय १८ ते ६० असावे आणि आधीच्या बारा महिन्यांत त्याने किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असावा. महाराष्ट्राच्या मंडळात नाव नोंदलेला गवंडी गोव्यात गेला की त्याला हे सारे नव्याने सुरू करावे लागते. मधल्या काळात तो परातीवरून पडला, तर तो कोणाचा?

गंमत अशी की, माणूस राज्य बदलतो ही गोष्ट १९९६ च्या कायदेकर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. साठ वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराची सभासदत्वाची तीन वर्षे मोजताना, लगतपूर्वी तो दुसऱ्या राज्याच्या मंडळाचा लाभार्थी असेल तर तो काळही धरावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणजे म्हाताऱ्या कामगाराचे स्थलांतर कायद्याला दिसले. तरण्याचे दिसले नाही.

पैसा नव्हता म्हणून हे झाले, असेही म्हणता येत नाही. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या उपकराचा हिशेब मांडला. तेव्हा जमा झालेले होते ३७,४०० कोटींहून अधिक रुपये आणि कामगारांसाठी खर्च झालेले सुमारे ९,५०० कोटी. ज्यांच्या घामावर उपकर बसला त्यांची नावे नोंदवहीत नाहीत, म्हणून पैसा पडून. आणि नावे टिकत नाहीत, कारण माणसे फिरती.

फिरत्या माणसांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला होता. ठेकेदाराने दोन्ही राज्यांत परवाना घ्यावा, कामगाराला विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च द्यावा, असे त्यात होते. तो बहुतांशी कागदावर राहिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महामार्गांवरून चालत निघालेल्या माणसांनी ते साऱ्या देशाला दाखवून दिले. पुढे हे दोन्ही कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या संहिता अमलात आल्या. आपण होऊन परराज्यात आलेला कामगारही आता स्थलांतरित म्हणून ओळखला जातो, ही सुधारणाच आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बांधकाम कामगाराचे लाभ त्याच्याबरोबर जावेत, यासाठी योजना आखण्याचा उल्लेखही त्यांत आहे.

मात्र मर्यादाही वाढली आहे. जुना कायदा पाच स्थलांतरित कामगारांपासून लागू होत होता, नवा दहांपासून. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराला उपकरातून असलेली सूट १० लाखांवरून ५० लाखांपर्यंत गेली आहे. मध्यमवर्गीयाला हा दिलासा वाटेल आणि तो आहेही. पण लहान ठेकेदाराची आठ माणसांची टोळी अशाच घरांवर वर्षभर राबते, हे विसरता येत नाही. शिक्षकाचे घर लहान, म्हणून त्या घराच्या परातीवरून पडणाऱ्याचे दुखणे लहान होत नाही.

नोंदवहीने चालायला शिकावे

गोव्यातून एक आक्षेप ऐकू येईल : परराज्यातील मजुरांचा भार आम्ही का सोसावा? उत्तर सोपे आहे. उपकर इमारत जेथे उभी राहते तेथे जमा होतो. गोव्यातील इमारतींवरचा पैसा गोव्याच्या मंडळाकडे जातो आणि त्या इमारती ज्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या त्यांच्यावर तो खर्च होणे, हा उपकार नव्हे, हिशेब आहे. महाराष्ट्रालाही हाच हिशेब कलबुर्गीच्या माणसाबाबत लागू आहे.

तेव्हा करावयाचे ते फारसे अवघड नाही. संहितेत ज्याचा उल्लेख आहे ती योजना महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या शेजाऱ्यांनी आधी आपसांत अमलात आणावी. रेशनची सुरुवातही शेजारच्या जोड्यांपासूनच झाली होती. एका राज्यात भरलेले ९० दिवस दुसऱ्या राज्यात धरले जावेत. ठेकेदाराने निघताना प्रत्येक माणसाला कामाच्या दिवसांचा सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. त्याला त्यात एका संध्याकाळहून अधिक वेळ लागणार नाही. आणि घर बांधून घेणाऱ्याने दराची घासाघीस करताना, तुमच्या माणसांची नोंद आहे का, एवढे एक वाक्य विचारावे.

देश एक बाजारपेठ झाला, असे आपण अभिमानाने म्हणतो. सिमेंटच्या गोणीपुरते ते खरे आहे. ती गोणी डोक्यावर घेऊन जिना चढणाऱ्या माणसापुरतेही ते खरे व्हावे.