लंडनचे घर आणि गावची जागा

बाबासाहेबांच्या लेकरांना आता परदेशात जमीन घेऊन घर बांधायचे आहे. वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावांतून शिकायला निघालेली पोरे पुण्या-मुंबईत थांबत नाहीत. काही इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत जातात. नोकरी पक्की झाली की प्लॉटची बोलणी सुरू होतात. चळवळीतली काही मंडळी यावर नाक मुरडतात आणि 'समाजाला विसरले' असा शिक्का मारून मोकळी होतात. आम्हाला हे मान्य नाही. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेरची जागासुद्धा आपली म्हणता आली नाही, त्यांच्या नातवंडांनी जगात कुठेही मालक व्हावे. मात्र मालकी म्हणजे काय, हे समजून व्हावे.

१९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पद होते, पगार होता, पण राहायला खोली मिळेना. पारशांच्या उतारगृहात पारशी नाव सांगून राहावे लागले. जात कळताच हातात काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. पैसा असला म्हणजे घर मिळते, हे या देशात आपल्या बाबतीत खरे नव्हते. म्हणूनच पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी उभारलेल्या 'राजगृहा'चे मोल विटा-सिमेंटात मोजता येत नाही.

दुसरा धडा लंडनचा आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहात होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटनही झाले. पण जागा राहण्यासाठीची होती, तिचा वापर संग्रहालय म्हणून करायला तिथल्या कॅम्डेन कौन्सिलची परवानगी नव्हती. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, कौन्सिलने नकार दिला, अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये सुनावणी झाली. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. एका राज्य सरकारला खरेदीनंतर साडेचार वर्षे झगडावे लागले, तिथे एकट्या माणसाचे काय होईल? खरेदीखत हा मालकीचा पुरावा आहे. त्या जागेवर काय करता येईल, हे दुसराच कायदा ठरवतो.

म्हणून परदेशात प्लॉट घेणाऱ्याने आधी तिथला कायदा वाचावा. ऑस्ट्रेलियाचेच पाहा. तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला मोकळा प्लॉट घ्यायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते आणि सर्वसाधारणपणे चार वर्षांत घर बांधून पूर्ण करण्याची अट असते. वापरलेले, जुने घर घेण्यावर तर १ एप्रिल २०२५ पासून परकीयांना बंदीच घातली आहे. इकडून पैसा पाठवायचा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवू शकते, तीही बँकेमार्फत. ओळखीच्या माणसाच्या हाती किंवा हवाल्याने पाठवलेला पैसा म्हणजे 'फेमा' कायद्याचा भंग.

आता प्रश्न असा की, तिकडच्या प्लॉटसाठी एवढी कागदपत्रे जमवणारा मुलगा, गावी आई राहते त्या घराचा कागद कधी पाहतो काय? ग्रामपंचायतीचा नमुना आठ आमच्या लोकांना मालकीचा दाखला वाटतो. तो कर आकारणीचा उतारा आहे. केवळ त्यावर मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक तयार होते, तेव्हा आपल्या घराची नोंद कुणाच्या नावे झाली, हद्द कुठे धरली, हे पाहायला आपला माणूस हजर हवा.

गायरानावरच्या वस्त्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने पट्टा दिला असल्यास अपवाद करता येईल, असेही म्हटले आहे. नोटीस आली की आमची माणसे घाबरून गप्प बसतात आणि निकालाचा हा दुसरा भाग कुणी त्यांना सांगत नाही. जुना पट्टा, दंडाच्या पावत्या, पीकपाहणीतल्या नोंदी जपल्या पाहिजेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून लाखो माणसे भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, ती जमीन कसणाऱ्याच्या नावावर चढावी म्हणून.

परदेशी गेलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. अनिवासी भारतीयाला इथे घर, दुकान घेता येते. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. तेव्हा वडील गेल्यावर वारस नोंद आणि फेरफार वेळेत करून घ्या, आणि त्यात बहिणीचे नाव वगळू नका. वारसाचा हिंदू कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा केला आहे. स्त्रियांच्या हक्काचे हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेऊन बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणाऱ्याला आम्ही आंबेडकरवादी कसे म्हणावे?

तेव्हा बंधू-भगिनींनो, मेलबर्नला घर बांधा, लंडनला बांधा, आम्हाला अभिमानच वाटेल. पण पुढच्या सुट्टीत गावी याल तेव्हा एक दिवस तलाठी कार्यालयासाठी आणि एक भूमी अभिलेखासाठी राखून ठेवा. आपला उतारा काढा, शेजारच्या निरक्षर मावशीचाही काढून द्या. वस्तीतल्या किती घरांना कागद आहे, याची यादी करा आणि ती ग्रामसभेत मांडा. हे काम मोर्चाइतकेच चळवळीचे आहे.

जय भीम!