गुरामी मासा : नर-मादीची ओळख आणि घरच्या टाकीतील वीण

प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी ठेवलेली काचेची टाकी पाहून माजी विद्यार्थी आणि पालक आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘आमच्याकडे गुरामीची जोडी आहे, पण पिल्ले होत नाहीत. कुठे चुकते?’ बहुतेक वेळा उत्तर एकच असते. ती जोडी नसतेच. दोन्ही मासे नर असतात. नर रंगाने उजळ, म्हणून दुकानदार नरच अधिक ठेवतो आणि गिऱ्हाईकही तेच उचलते. फिकट, रुपेरी मादीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गुरामी परदेशीच, असा एक समज आहे. तीन ठिपक्यांचा निळा गुरामी आणि मोत्यासारख्या ठिपक्यांचा पर्ल गुरामी हे खरोखरच आग्नेय आशियातले. परंतु बुटका गुरामी आणि मध गुरामी आपल्याच उपखंडातले आहेत. गंगेच्या खोऱ्यातील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या दोघांचे वर्णन आले आहे. संथ, उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात हे मासे राहतात. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून कल्ल्यांच्या वर त्यांना घड्याघड्यांचा एक जादा श्वसन-अवयव असतो. चक्रव्यूहासारख्या रचनेमुळे त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. हा अवयव वाचकांनी ध्यानात ठेवावा. पिल्लांच्या जगण्या-मरण्याशी त्याचा संबंध पुढे येणार आहे.

आता नर-मादीची ओळख. रंगावर विसंबू नये. घाबरलेला किंवा नव्या पाण्यात आलेला नरही मादीसारखा फिकट दिसतो. खात्रीची खूण पाठीवरच्या पराची. निळ्या गुरामीत नराचा हा पर लांब आणि टोकदार असून मागे शेपटीच्या मुळापर्यंत पोहोचतो. मादीचा आखूड आणि गोलसर असतो. पर्ल गुरामीतही हीच खूण लागू पडते, शिवाय विणीच्या काळात नराचा गळा आणि छाती नारिंगी-तांबडी होते. बुटक्या गुरामीत मात्र रंगच पुरेसा बोलका आहे : नराच्या अंगावर तांबडे आणि निळे पट्टे, मादी रुपेरी-करडी. मध गुरामीचा नर ऐन विणीत मधाच्या रंगाचा होतो आणि त्याचा गळा-पोट काळसर पडते. अंड्यांनी भरलेली मादी वरून पाहिली असता पोटाशी रुंद दिसते. लहान पिल्लांत यांतले काहीच कळत नाही, म्हणून पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवून त्यांतून जोडी निवडणे हा स्वस्त मार्ग. चुंबन घेणाऱ्या गुरामीच्या वाटेला घरी जाऊ नये. त्यातले नर-मादी डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य, आणि तो घरटेही बांधत नाही.

विणीसाठी दोन फूट लांबीची वेगळी टाकी घ्यावी. पाणी पंधरा ते वीस सेंटिमीटरच भरावे, तापमान 27 ते 28 अंश सेल्सिअस राखावे. आपल्याकडच्या हिवाळ्यात हीटरवाचून हे साधत नाही. तरंगत्या वनस्पती सोडाव्यात. हवेचा पंप जोरात चालवू नये, कारण नर लाळेने बांधलेल्या बुडबुड्यांचे घरटे पाण्याच्या पृष्ठभागावर करतो आणि जरा खळबळ झाली की ते विरते. बुटका गुरामी त्यात वनस्पतींचे तुकडेही गुंफतो. त्याआधी दहा-पंधरा दिवस जोडीला डासांच्या अळ्या, डॅफ्निया असे जिवंत खाद्य द्यावे.

घरटे तयार झाले की नर मादीला त्याखाली आणतो, शरीर वाकवून तिला कवेत घेतो, आणि अंडी व शुक्र एकाच वेळी पाण्यात सुटतात. तेलाच्या अंशामुळे अंडी तरंगतात. चुकारपणे बाजूला गेलेली अंडी नर तोंडाने वेचून घरट्यात ठेवतो. हा क्रम काही तास चालतो; अंड्यांची संख्या सहज शेकड्यांत जाते.

आमची पहिली चूक येथेच झाली. अंडी दिसल्याच्या आनंदात आम्ही मादीला रात्रभर त्याच टाकीत राहू दिले. पहाटे ती फाटलेल्या परांनिशी तळाशी मेलेली आढळली. घरट्याची राखण करणारा नर तिला शत्रू समजतो, आणि एवढ्याशा टाकीत तिला पळायला जागा नसते. मुलांनी तिला बागेत पुरले आणि एकाने सरळ विचारले, ‘पंचशीलातले पहिले शील आपण मोडले का?’ जाणूनबुजून नाही, असे आम्ही सांगितले. परंतु माहिती करून घेण्यात हयगय केली, हेही कबूल केले. म्हणून नियम असा : लपायला भरपूर वनस्पती आधीपासून असाव्यात आणि वीण संपताच मादीला बाहेर काढावे.

अंडी दीड दिवसाच्या आत फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्ले स्वतः पोहू लागली की नरालाही काढावे, नाहीतर तोच त्यांना खाऊ लागतो. यानंतरचे तीन आठवडे सर्वांत कठीण. पिल्ले इतकी बारीक असतात की आर्टेमियाचे नुकते जन्मलेले जीवही त्यांच्या तोंडात मावत नाहीत. त्यांना लागतात सूक्ष्म जलजीव, म्हणजेच इन्फ्युझोरिया. ते आधीच तयार हवेत. बरणीत जुन्या टाकीचे पाणी घेऊन त्यात कोबीचे पान टाकावे आणि उजेडात ठेवावे. पाणी प्रथम गढूळ होते, वास मारते, आणि काही दिवसांनी निवळू लागले की जीव वाढल्याचे समजावे. हे पाणी दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे द्यावे. आठ-दहा दिवसांनी आर्टेमिया चालतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लॅबिरिंथ तयार होतो आणि पिल्ले प्रथमच हवेचा घोट घेतात. त्या काळात पाण्यावरची हवा गार असली तर ती पटापट मरतात. टाकीवर काचेचे झाकण ठेवून मधली हवा उबदार, दमट राखणे एवढाच उपाय. दुसऱ्या वेळी आम्ही झाकण ठेवले, आणि बरीच पिल्ले वाचली.

तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला : इतक्यांना ठेवायचे कोठे? नदीत किंवा विहिरीत सोडणे हे जीवदान वाटते, पण बाहेरचे मासे तेथील मूळ माशांच्या अन्नावर व जागेवर आक्रमण करतात आणि टाकीतले रोगही सोबत नेतात. बुटक्या गुरामीत एक आयरिडोव्हायरस पसरलेला आहे. त्यावर औषध नाही. म्हणून जोडी लावण्यापूर्वीच पिल्ले घेणारी घरे ठरवावीत, आणि ती नसतील तर नर-मादी वेगळ्या टाक्यांत ठेवावेत. आमच्याकडे सध्या मादी दोन आहेत, आणि यंदा त्या वेगळ्याच राहतील.