तंजावरचा चेंडू आणि खेळाडूचा चरितार्थ

तंजावरच्या भोसल्यांचा राजवाडा म्हटला की सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच वाड्याशी एका खेळाचेही नाव निगडित आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. हा खेळ म्हणजे बॉल बॅडमिंटन. मध्ये जाळी, दोन्ही बाजूंस पाच-पाच खेळाडू, हाती रॅकेट. आणि पिसांच्या फुलाऐवजी पिवळ्या लोकरीचा चेंडू. १८५६ च्या सुमारास तंजावरच्या राजघराण्यात तो आवडीने खेळला जाई, असे परंपरा सांगते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले, हे ध्यानी घेतले म्हणजे या सनाचे मर्म कळते. गादी गेली; खेळ उरला.

तो उरला याचे कारण त्याचा साधेपणा. पिसांचे फूल वाऱ्याने भरकटते; लोकरीचा चेंडू वाऱ्यास तितकी दाद देत नाही. सभागृह नको, मोकळे अंगण पुरे. म्हणूनच दक्षिणेत हा खेळ वाड्यातून मैदानावर आला आणि १९५४ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

तथापि खेळ लोकप्रिय होणे वेगळे आणि त्यावर खेळाडूचा संसार चालणे वेगळे. दोन समकालीनांची उदाहरणे पाहावीत. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाचा पांचो सेगुरा १९२१ मध्ये जन्मला. मुडदूसाने पाय वाकलेला हा गरीब मुलगा दोन्ही हातांनी रॅकेट धरून टेनिस शिकला. १९४७ मध्ये त्याने धंदेवाईक खेळाडूचा मार्ग पत्करला. त्यामुळे विंबल्डनचे दार त्यास बंद झाले. ते धंदेवाईकांना उघडले १९६८ मध्ये. परंतु गावोगावी तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांनी त्यास पोसले, आणि १९५० ते १९५२ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचे व्यावसायिक विजेतेपद त्याने मिळविले.

आंध्रचे जम्मलमडका पिच्चय्या १९१८ मध्ये जन्मले. बॉल बॅडमिंटनसाठी अर्जुन पुरस्कार मिळविणारे ते पहिले खेळाडू, वर्ष १९७०. शंभरी ओलांडून २०२१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या खेळात मान होता. सेगुरास लाभली तशी तिकिटाची बाजारपेठ मात्र नव्हती.

एके काळी तंजावरच्या दरबाराने गवयास आणि नर्तकास वेतन दिले. दरबार संपल्यावर खेळाडूचा आश्रयदाता प्रेक्षकच. तो मैदानाकडे फिरकला नाही, तर कौशल्य कितीही थोर असो, ते फावल्या वेळेचेच राहते.