गेममधला ब्रँडेड गोल्फ क्लब: पैसे देऊन आपण नेमकं काय घेतो?

उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात परदेशातून गोल्फ क्लबचा खोका उतरला, तर कस्टम्सच्या यादीत त्याची जागा ठरलेली असते. खेळाचं साहित्य ९५०६ या क्रमांकाखाली येतं आणि त्यात गोल्फ क्लबसाठी वेगळी ओळ आहे. (इथे क्लब म्हणजे गोल्फची काठी, मंडळ नव्हे!) किंमत लागते, ड्युटी भरली जाते आणि मग तो क्लब आपल्या रायगड जिल्ह्यातच, खारघरच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर कुणाच्या तरी बॅगेत दिसू शकतो.

त्याच कंपनीचा, त्याच नावाचा दुसरा एक क्लब मात्र बंदराला न लागताच आपल्याकडे येतो. अलिबाग किंवा मुरुडमध्ये मोबाइलवर गोल्फ गेम खेळणाऱ्या मुलाला दुकानाच्या पडद्यावर कॅलवे, टेलरमेड, पिंग अशी खरी नावं दिसतात. खाली किंमत असते आणि शेजारी आकडे: अंतर इतकं, अचूकता इतकी. मूल म्हणतं, ‘‘बाबा, हा घेतला की बॉल लांब जातो.’’ गेममध्ये तो खरंच लांब जातो. मग त्या नावात नेमकं काय आहे? आज एवढाच प्रश्न घेऊ.

आधी स्टिकर

२००६ च्या शेवटी आलेला ‘क्रिकेट ०७’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्यात परवाना फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचा होता. आपल्या खेळाडूंची नावं अशी मोडतोड केलेली होती की हसू यावं. मग चाहत्यांनीच पॅच बनवले: खरी नावं, खरे कपडे आणि बॅटवर खरे स्टिकर. पॅच टाकल्यावर बॅटवर एमआरएफ दिसायचं, पण चेंडू पूर्वीइतकाच लांब जायचा.

प्रत्यक्षातही तसंच आहे. एमआरएफ ही टायरची कंपनी. सचिनच्या बॅटवर तिचं नाव होतं ते जाहिरातीसाठी, लाकडाच्या दर्जाची हमी म्हणून नव्हे. हे आपल्याला माहीत असतं, म्हणून फसायला होत नाही.

व्हिली लेहडोनविर्ता या फिनिश संशोधकाने २००९ साली एका शोधनिबंधात गेममधल्या वस्तू लोक का विकत घेतात याची वर्गवारी मांडली. त्याने तीन गट केले. पहिला उपयोगाचा: वस्तूने खेळात फायदा होतो. दुसरा आनंदाचा: दिसायला छान, आवाज छान, मागे एखादी गोष्ट. तिसरा सामाजिक: वस्तू दुर्मीळ आहे, म्हणून मिरवता येते. ब्रँडचं नाव त्याने दुसऱ्या गटात टाकलं आहे, म्हणजे सजावटीत. ‘क्रिकेट ०७’ मधला स्टिकर तिथे अगदी चपखल बसतो.

गोल्फच्या गेममध्ये मात्र पहिला आणि दुसरा गट एकमेकांत मिसळतात. नाव सजावटीचं असतं, पण त्यालाच उपयोगाचा आकडा जोडलेला असतो.

मग आकडा

याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘वर्ल्ड गोल्फ टूर’. हा गेम २००८ मध्ये ब्राउझरवर सुरू झाला. खऱ्या मैदानांची छायाचित्रं वापरून तो बनवला होता, त्यामुळे आपण खरोखर तिथे उभे आहोत असं वाटायचं. त्यातले क्लब आणि चेंडू खऱ्या कंपन्यांच्या नावाने विकले जातात. तुमची लेव्हल वाढेल तसे पुढचे क्लब खुले होतात आणि प्रत्येक पायरीवर अंतर व अचूकतेचे आकडे चढत जातात.

आता हे आकडे भौतिकशास्त्राशी ताडून पाहू. गणित अकरावीच्या टकरींचंच आहे:

चेंडूचा वेग = क्लबचा वेग × (१ + उसळी) ÷ (१ + चेंडूचं वस्तुमान ÷ क्लबच्या डोक्याचं वस्तुमान)

‘उसळी’ म्हणजे कोएफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन. टकरीनंतर दोन वस्तू किती वेगाने दूर जातात, भागिले आधी किती वेगाने जवळ येत होत्या. चिखलाच्या गोळ्यासाठी तो शून्य, आदर्श उसळीसाठी १.

ड्रायव्हर हा सर्वांत लांब फटक्याचा क्लब. त्याचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं आणि चेंडू ४६ ग्रॅमचा. नियमांत उसळीची मर्यादा ०.८३ आहे. म्हणजे १.८३ ÷ १.२३, साधारण १.४९. क्लब ताशी १६० किलोमीटर वेगाने आला, तर चेंडू सुमारे २३८ ने सुटेल.

आता समजा एखाद्या कंपनीने ०.८६ उसळीचा क्लब बनवला. चेंडू सुमारे २४२ ने सुटेल. ताशी चार किलोमीटर जास्त, म्हणजे पाचेक यार्ड. एवढ्याशा फरकावरून खऱ्या गोल्फमध्ये वाद पेटला होता. २००० साली कॅलवेने ‘ईआरसी टू’ नावाचा ड्रायव्हर आणला. पातळ टायटेनियमचा पुढचा पत्रा टकरीच्या क्षणी किंचित आत दबतो, त्यामुळे चेंडू कमी चेपतो आणि चेपण्यात वाया जाणारी ऊर्जा वाचते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तो नियमबाह्य ठरवला. त्याची जाहिरात अर्नॉल्ड पामरसारख्या मोठ्या खेळाडूने केली होती, तरीही.

आणखी पुढे जाऊ. उसळी पूर्ण १ असलेला, म्हणजे ऊर्जेचा कणही वाया न घालवणारा अशक्य क्लब घेतला तर? २ ÷ १.८३, म्हणजे वेग फक्त ९ टक्क्यांनी जास्त. त्याच हाताने, त्याच वेगाने मारताना फक्त उसळी वाढवून याच्या पुढे जाता येत नाही. बाकीच्या वाटाही नियमांनी अडवल्या आहेत: डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत, काठी ४८ इंचांपर्यंत, चेंडू ४५.९३ ग्रॅमपर्यंत. म्हणून आजच्या नामांकित कंपन्यांचे चांगले ड्रायव्हर अंतराच्या बाबतीत एकमेकांच्या अगदी जवळ असतात. सगळे एकाच भिंतीला टेकलेले आहेत.

गेमला ही भिंत नको असते. दोन क्लबांत पाच यार्डांचाच फरक ठेवला, तर दुसरा कोण विकत घेईल? म्हणून पायऱ्या मोठ्या ठेवल्या जातात. तो आकडा प्रयोगशाळेतून आलेला नसतो. खेळणारा किती दिवस टिकेल आणि कधी पैसे देईल याचा विचार करून ठरवलेला असतो.

चेंडूंचं तर आणखी गमतीशीर. ‘वर्ल्ड गोल्फ टूर’मध्ये फटका मारताना पडद्यावर एक मीटर सरकतं आणि ते योग्य जागी थांबवावं लागतं. काही महागडे चेंडू घेतले की ते मीटरच हळू चालतं! आता सांगा, कुठल्या कारखान्यातला चेंडू तुमचे हात सावकाश करतो? तो गुण चेंडूचा नाहीच. तो गेमच्या कोडचा आहे, नाव तेवढं चेंडूच्या कंपनीचं.

आपल्याकडे ओहोटीच्या वेळी वाळूवर टेनिस बॉल क्रिकेट खेळणाऱ्या कुणालाही विचारा. मागून खोलगट कोरलेली हलकी बॅट आणि सीझन बॉलची जड बॅट यांतला फरक तो हातात घेऊन सांगेल. तिथे वस्तू बोलते. गेममध्ये वस्तूच नसते, त्यामुळे तिच्या वतीने नाव बोलतं.

शेवटी करार

कंपन्या आपलं नाव का देतात? सरळ आहे: जाहिरात. वीस मिनिटं हातात ‘पिंग’ धरून खेळलेला माणूस दुकानात गेला की त्याला ते नाव ओळखीचं वाटतं. हा धंदा किती जवळचा आहे ते पाहा: २०१६ मध्ये टॉपगोल्फने ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ विकत घेतला आणि मार्च २०२१ मध्ये टॉपगोल्फ कॅलवेत विलीन झाली. म्हणजे क्लब बनवणारी कंपनीच त्या गेमची मालक झाली, जिथे तिचे आणि प्रतिस्पर्ध्यांचेही क्लब आकड्यांसह शेजारी शेजारी मांडलेले होते.

खरं नाव वापरायला दर वेळी परवाना लागतोच असंही नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये हमवी ही लष्करी गाडी दाखवल्याबद्दल तिच्या उत्पादकाने खटला भरला होता. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने गेम कंपनीच्या बाजूने निकाल दिला: युद्धाचं वास्तव दाखवण्यासाठी गाडी दाखवणं हा कलेचा भाग आहे. पण देखाव्यात गाडी उभी असणं वेगळं आणि तेच नाव लावून वस्तू विकणं वेगळं. म्हणून गोल्फच्या गेममध्ये करार असतात.

तुमचा करार मात्र क्लब बनवणाऱ्याशी नसतो, गेम चालवणाऱ्याशी असतो, आणि तोही बहुधा मालकीचा नाही, वापरण्याच्या परवानगीचा. ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर बंद झाले, तेव्हा पैसे देऊन घेतलेला गेम लोकांना उघडताच येईना. त्यातल्या नामांकित कंपन्यांच्या गाड्याही त्याच्याबरोबर गेल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की फक्त परवानगी विकत असाल, तर ‘खरेदी’ हा शब्द वापरताना ते स्पष्ट सांगा. आपल्याकडचा २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणतो. गेममधली वस्तू सर्व्हरबरोबर नाहीशी झाली तर काय, हा प्रश्न वेगळाच राहतो.

मग घ्यायचं की नाही?

घ्या की, आवडत असेल तर. सिनेमाचं तिकीटही आपण घेतोच, आणि सिनेमा घरी आणत नाही. फक्त यूपीआयचा पिन टाकण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करा. नाव: ही सजावट आहे. आकडा: हा गेमचा नियम आहे आणि पुढच्या अपडेटमध्ये बदलू शकतो. वस्तू: ती तुमची नाही, सर्व्हर चालू असेपर्यंत वापरायला दिलेली आहे. या तिघांसाठी मिळून जी किंमत योग्य वाटते, तेवढीच द्या.

आणि कधी खरा क्लब घ्यायची वेळ आली, तर गेममधला अंतराचा आकडा डोक्यातून काढून टाका. तुमची उंची, मनगटाची पकड आणि मारण्याचा वेग यांना कोणती काठी मानवते हे मैदानावर दहा-वीस चेंडू मारूनच कळतं.

घरात खेळणारं मूल असेल तर त्याला वरचं सूत्र कागदावर सोडवायला द्या. उसळीच्या जागी १ टाकून नऊ टक्के त्याने स्वतः काढले, की पुढच्या वेळी दुकानाचा पडदा तो वेगळ्या नजरेने वाचेल.